साडेतीनशे की चारशे? रोजच्या वापरातल्या मध्यम मोटारसायकली

भारतातल्या मोटारसायकलींमध्ये ३५० ते ४०० सीसीचा गट आता शौकिनांपुरता राहिलेला नाही. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणि हंटर ३५०, होंडाची सीबी ३५०, ट्रायम्फची स्पीड ४००, केटीएमची ३९० ड्यूक आणि बजाजची डॉमिनार ४०० या गाड्या रोज ऑफिसला जातात, शनिवारी घाट चढतात आणि दिवाळीत गावी पोचतात. यातल्या शेवटच्या तीन पुण्याजवळच्या चाकणला बनतात. किमतीने, आकाराने आणि सीसीने या सगळ्या जवळजवळच्या दिसत असल्या तरी चालवायला बसल्यावर त्यांच्यात मोठी तफावत जाणवते. ही तफावत कशातून येते हे समजले, तर आपल्या रस्त्याला कोणती गाडी चालेल हे बऱ्याच अंशी शोरूममध्ये जाण्याआधीच ठरवता येते.

साडेतीनशे आणि चारशे हे आकडे वेगवेगळ्या वाटांनी आले. भारतात ३५० सीसी हे माप बुलेटने रुजवले. १९५५ मध्ये मद्रासला या गाडीची जुळणी सुरू झाली आणि पुढची अनेक दशके ‘मोठी गाडी’ म्हणजे साडेतीनशे असेच समीकरण राहिले. चारशेचा आकडा परदेशी नियमांतून आला. जपानमध्ये साधारण मोटारसायकल परवान्याची मर्यादा ४०० सीसी आहे. युरोपात मधल्या पायरीच्या ‘ए-टू’ परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीच्या गाड्या चालवता येतात. ३९० ड्यूक आणि स्पीड ४०० या गाड्या भारतात बनत असल्या तरी जगभर विकायच्या म्हणून आखलेल्या आहेत, त्यामुळे त्यांची ताकद त्या चौकटीत बसवलेली आहे. भारतात गियरच्या मोटारसायकलीचा परवाना असला की सीसीची अशी अडचण येत नाही. इथे फरक पडतो तो कर आणि विमा भरताना, आणि तो थोडाथोडका नाही. त्याचा हिशेब पुढे येईल.

तुलनेची खरी गुरुकिल्ली इंजिनाच्या दोन मापांत आहे. पहिले माप बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. दुसरे स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरखाली जेवढे अंतर धावतो ते. क्लासिकच्या ३४९ सीसी इंजिनाचा बोअर ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर आहे. होंडा सीबी ३५० चा बोअर ७० आणि स्ट्रोक ९०.५. ही दोन्ही उंच, अरुंद सिलिंडरची, लांब स्ट्रोकची इंजिने. स्पीड ४०० मध्ये हे प्रमाण उलटे आहे, बोअर ८९ आणि स्ट्रोक फक्त ६४ मिलिमीटर. ३९० ड्यूकचे इंजिन याच वळणाचे आहे.

लांब स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला पिस्टनला जास्त अंतर कापावे लागते. पिस्टनचा सरासरी वेग एका मर्यादेपलीकडे गेला की झीज आणि कंपने वाढतात, म्हणून अशी इंजिने फार वेगाने फिरवली जात नाहीत. क्लासिकची कमाल शक्ती २०.२ अश्वशक्ती आहे आणि ती मिनिटाला ६,१०० फेऱ्यांवर मिळते. त्या वेळी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७.४ मीटर असतो. स्पीड ४०० ची ४० अश्वशक्ती ८,००० फेऱ्यांवर मिळते, आणि तिथे पिस्टनचा वेग सुमारे १७.१ मीटर भरतो. थोडक्यात, एक इंजिन सुस्तावलेले आणि दुसरे पिसाटलेले, असा समज चुकीचा आहे. पिस्टनवरचा ताण दोघांत जवळपास सारखाच असतो. आखूड स्ट्रोकमुळे दुसऱ्याला त्याच मर्यादेत जास्त फेरे घेता येतात. शिवाय रुंद बोअरमुळे वर चार व्हॉल्व्हना जागा मिळते, हवा भराभर आत-बाहेर होते आणि जास्त पेट्रोल जाळता येते. शक्ती दुप्पट होते ती अशी.

लांब स्ट्रोकचा फायदा खालच्या फेऱ्यांवर दिसतो. होंडा सीबी ३५० चा ३० न्यूटन-मीटर हा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, अवघ्या ३,००० फेऱ्यांवर मिळतो. त्याचा हिशेब केला तर त्या क्षणी इंजिन जेमतेम १३ अश्वशक्ती देत असते, पण शहरात तेवढी पुरून उरते. क्लासिकचे २७ न्यूटन-मीटर ४,००० फेऱ्यांवर येतात. स्पीड ४०० चा कमाल टॉर्क ३७.५ न्यूटन-मीटर, म्हणजे दोघींपेक्षा जास्त, पण त्यासाठी काटा ६,५०० वर न्यावा लागतो. क्लासिक किंवा सीबी पाचव्या गियरमध्ये ताशी ४० किलोमीटरवर असताना अ‍ॅक्सिलरेटर पिळला, तर गाडी कुरकुर न करता खेचते. ड्यूकला त्याच वेगाला दोन गियर खाली आणावे लागते, नाहीतर चेन फटके खाते आणि इंजिन ठोके देऊ लागते. सिग्नलमागून सिग्नल असलेल्या रस्त्यावर दिवसातून शंभर वेळा क्लच दाबायचा की पन्नास वेळा, हे या फरकावर ठरते. माहितीपत्रकात कमाल शक्ती ठळक छापलेली असते आणि ती किती फेऱ्यांवर मिळते ते बारीक अक्षरात. रोज गाडी वापरणाऱ्याने बारीक अक्षर आधी वाचावे.

क्लचच्या बाबतीत एक न्याय केला पाहिजे. स्पीड ४००, ड्यूक आणि सीबी ३५० यांना असिस्ट-स्लिपर क्लच आहे. त्याचा दांडा हलका असतो आणि घाईत खालचा गियर टाकला तरी मागचे चाक झटका खात नाही. त्यामुळे क्लच जास्त वेळा दाबावा लागला तरी मनगट तेवढे दुखत नाही. हंटरलाही २०२५ च्या सुधारित आवृत्तीत तो मिळाला.

कंपनांबाबत बुलेटच्या जुन्या आठवणी आजच्या गाड्यांना लावू नयेत. २०२० मध्ये मीटिअर ३५० बरोबर आलेल्या आणि पुढे क्लासिक, हंटर यांत बसलेल्या ‘जे’ मालिकेच्या इंजिनात कंपने मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे. एका सिलिंडरचा ठेका कानाला ऐकू येतो, पण आरशातला चेहरा आता पूर्वीसारखा थरथरत नाही.

मग चारशेची दुप्पट ताकद लागते कुठे? याचे उत्तर हवा देते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. ताठ बसणारा एक चालक धरून ढोबळ हिशेब केला, तर सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर टिकवायला सात-आठ अश्वशक्ती पुरते, १०० ला बारा-तेरा लागते आणि १२० ला वीसच्या आसपास. क्लासिक ११५-१२० च्या पुढे का जात नाही, हे या एका आकड्यात आले. ताशी ८० ला तिच्या हाती निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक असते, १०० ला तिसरा हिस्साच उरतो. स्पीड ४०० किंवा ड्यूककडे १०० च्या वेगालाही पंचवीस-तीस अश्वशक्ती राखीव असते.

ही राखीव ताकद किती उपयोगाची हे रस्ता ठरवतो. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोटारसायकलींना चौपदरी महामार्गांवर ताशी ८० आणि शहरी हद्दीत ६० ही कमाल मर्यादा आहे, आणि राज्ये ती आणखी कमी करू शकतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही. म्हणजे महाराष्ट्रात जे दोन रस्ते वेगासाठी बांधले, तिथे या गाड्या जाऊच शकत नाहीत. कायद्याच्या वेगात राहायचे तर वीस अश्वशक्ती पुरते. घाटातही पुरते. सहा टक्के चढावर दोघांना घेऊन ताशी ६० ने जायला सगळी मिळून आठ-नऊ अश्वशक्ती लागते. ताम्हिणी किंवा आंबोलीत क्लासिक मागे पडते ती फक्त ओव्हरटेक करताना. दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकल्यावर समोरची बाजू मोकळी मिळते ती काही क्षणांपुरती. तेवढ्यात ५० वरून ८० वर जायला साडेतीनशेला दम भरावा लागतो आणि चारशे झटकन निघून जाते. चारशेची जादा ताकद खऱ्या अर्थाने सुरक्षेच्या कामी येते ती इथे. नेहमी दुपदरी राज्य मार्गांवरून लांबचा प्रवास असेल, तर ताकदीसाठी मोजलेले पैसे वाया जात नाहीत.

वजनाचा विचार मात्र खरेदीच्या वेळी होतच नाही, आणि रोज सकाळी पार्किंगमध्ये पहिली गाठ वजनाशीच पडते. क्लासिक १९५ किलोची आहे, डॉमिनार जवळपास तेवढीच, १९३ किलोची. हंटर आणि सीबी ३५० दोन्ही १८१ किलोच्या. स्पीड ४०० चे सुरुवातीचे घोषित वजन १७६ किलो होते आणि २०२३ ची ड्यूक १६८ च्या घरात. सर्वांत ताकदवान गाडी सर्वांत हलकी, असे उलटे चित्र इथे दिसते, कारण क्लासिकच्या जड चौकटीला, पत्र्याच्या मडगार्डना आणि मोठ्या फ्लायव्हीलला वजन आहे. सोसायटीच्या उतारावरून गाडी उलटी ओढून बाहेर काढणे, दोन स्कूटरींच्या मधे घालणे, पंक्चर झाल्यावर ढकलणे, या सगळ्यात पंचवीस किलोंचा फरक चालकाच्या पाठीला कळतो. चालू गाडीत मात्र तेच वजन उलट काम करते. खराब रस्त्यावर आणि आडव्या वाऱ्यात क्लासिक बसकी, स्थिर राहते. हंटर आणि क्लासिक यांचे इंजिन एकच. हंटरला १७ इंची चाके आणि १,३७० मिलिमीटरचे आखूड चाकांतर आहे, क्लासिकला पुढे १९ व मागे १८ इंची चाके आणि १,३९० चे अंतर. एवढ्याने हंटर गल्लीबोळांत चटकन वळते आणि क्लासिक खड्डे सहज ओलांडते. हंटरच्या पहिल्या आवृत्तीत जमिनीपासूनची उंची फक्त १५० मिलिमीटर होती आणि उंच गतिरोधकांवर तिचे पोट घासायचे. पुढे ती १६० करावी लागली.

सीटची उंची सगळ्यांची ७९० ते ८२० मिलिमीटरच्या मधे आहे, त्यामुळे या आकड्यावरून फारसे कळत नाही. पाय जमिनीवर टेकणे सीटच्या रुंदीवरही अवलंबून असते. पुढे निमुळती सीट असलेली ८२० ची ड्यूक आणि रुंद सीटची ८०५ ची क्लासिक यांत पाय जवळपास सारखेच टेकू शकतात. म्हणून बुटांसकट गाडीवर बसून, गाडी उभी करून पाहण्याला पर्याय नाही.

मागच्या सीटचा प्रश्न आपल्याकडे जास्त गंभीर आहे. मोटारसायकल एकट्याची क्वचितच असते. तिच्यावर आई देवळात जाते, बायको ऑफिसला जाते, मुलगी शाळेत. ड्यूकची मागची सीट उंच, अरुंद आणि कडक आहे, आणि पाय ठेवायच्या जागाही वर आहेत. साडी नेसून किंवा साठीनंतर तिच्यावर अर्धा तास बसणे हा त्रासच आहे. स्पीड ४०० त्यापेक्षा बरी. क्लासिक आणि सीबी ३५० वर मागे बसणाऱ्याला ऐसपैस जागा मिळते, आणि घरातल्या मोठ्या माणसांना नियमित न्यायचे असेल तर या दोन गाड्यांच्या बाजूने निर्णय इथेच संपावा. टेस्ट राइडला एकट्याने जाऊन हा निर्णय घेता येत नाही. मागे बसणाऱ्या व्यक्तीला बरोबर न्यावे.

उष्णतेबद्दल बरेच गैरसमज आहेत. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. जेवढे पेट्रोल जळेल तेवढी उष्णता. साडेतीनशेची इंजिने हवा आणि ऑइलवर थंड होतात, आणि शहरात ती थोडेच पेट्रोल जाळतात, म्हणून पायाला लागणारी धग सौम्य असते. स्पीड ४०० आणि ड्यूकला पाण्याचे कूलिंग आहे. त्यामुळे इंजिनाचे तापमान नेमके राहते, भरधाव चालवताना ते इंजिनाच्या आयुष्याला चांगले. पण तुंबलेल्या रस्त्यात रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम झोत मांड्यांवर येतो. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावात रोज वाहतुकीत अडकणाऱ्याला हा झोत नकोसा होईल. कोकणातल्या मोकळ्या रस्त्यावर त्याची आठवणही येणार नाही.

ब्रेकांबाबत सध्या काळजी कमी आहे. १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, आणि या गटातल्या बहुतेक गाड्यांना ते दोन्ही चाकांना मिळते. सीबी ३५०, स्पीड ४०० आणि ड्यूकला ट्रॅक्शन कंट्रोलही आहे. पावसाळ्यात झेब्रा पट्ट्यांच्या रंगावर किंवा पुलाच्या लोखंडी सांध्यावर मागचे चाक सुटू लागले, तर ते शक्ती आपोआप कमी करते. वीस अश्वशक्तीच्या गाडीत त्याची गरज क्वचित पडते, चाळीसच्या गाडीत ओल्या रस्त्यावर ते हवेच. टायरबाबत एक गोष्ट तपासून घ्यावी. तारेच्या आऱ्यांच्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि अलॉय चाकात ट्यूबलेस टायर बसतो. क्लासिक दोन्ही प्रकारांत मिळते. तारेचे चाक दिसते छान, पण वरंध घाटात मागचे चाक पंक्चर झाले तर ट्यूबवाली गाडी जागीच बसते. ट्यूबलेस टायरला पट्टी घालून पंधरा मिनिटांत पुढे निघता येते. रोजच्या वापराला अलॉयच घ्यावे.

देखभालीत साधेपणाची किंमत कळते. ‘जे’ मालिकेच्या इंजिनात एकच कॅमशाफ्ट आणि दोन व्हॉल्व्ह आहेत, टॅपेट साध्या स्क्रूने जुळवता येते. तालुक्याच्या गावातला जाणता मेकॅनिक हे काम दुपारच्या आत करून देतो, आणि क्लच प्लेट, केबल, ब्रेक पॅड हे सुटे भाग बहुतेक मोठ्या बाजारपेठांत मिळतात. दुहेरी कॅमशाफ्टच्या चार व्हॉल्व्ह इंजिनात टॅपेटसाठी मोजमापाच्या चकत्या बदलाव्या लागतात. त्यासाठी टाकी काढून बरेच खोलावे लागते, आणि इलेक्ट्रॉनिक दोष शोधायला कंपनीचा स्कॅनर लागतो. त्या बदल्यात सर्व्हिसिंगच्या फेऱ्या कमी होतात. स्पीड ४०० ला १६,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, एवढे अंतर दिलेले आहे. सर्व्हिस सेंटर जवळ असलेल्या पुणे, मुंबई, नाशिककराला हे सोयीचे आहे. सर्वांत जवळचे अधिकृत सेंटर शंभर किलोमीटरवर असेल, तर चांगली गाडीसुद्धा गैरसोयीची होते. घराजवळ कोणाचे वर्कशॉप आहे, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

चेनची निगा सगळ्यांना सारखीच लागते. पाचशे-सहाशे किलोमीटरनंतर साफ करून वंगण, पावसात त्याहून लवकर. जास्त ताकदीच्या गाडीत चेन-स्प्रॉकेट लवकर झिजते आणि संच महाग पडतो, तसेच रुंद रेडियल टायरचेही आहे.

आता पैशांचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३५० च्या वरच्या गाड्यांवर आधी उपकर धरून ३१ टक्के होता, तो ४० झाला. समजा, आधी एका साडेतीनशेची शोरूम किंमत २ लाख होती, तर निव्वळ कराच्या फरकाने ती सुमारे १ लाख ८४ हजारांवर येते. चारशेची किंमत अडीच लाख असेल, तर ती २ लाख ६७ हजारांवर जाते. पन्नास हजारांचे अंतर ८३ हजारांचे होते. वाढीव कराचा काही भाग उत्पादकाने सोसला तर अंतर थोडे घटते, इतकेच. महाराष्ट्रात रस्ता कर किमतीच्या टक्केवारीत असतो, म्हणून त्यातही फरक पडतो.

विम्याची रेघही ३५० वरच ओढलेली आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला १,३६६ रुपये, आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये. नव्या गाडीला हा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, त्याचे अनुक्रमे ७,३६५ आणि १५,११७ रुपये होतात. ३४९ सीसीच्या क्लासिकचा आणि ३९८ सीसीच्या स्पीडचा विमा असा दुप्पट फरकाचा आहे, ३५० च्या रेघेच्या कोण कुठल्या बाजूला पडतो एवढ्यावर.

पेट्रोलचा फरक महिन्याच्या हिशेबात लहान दिसतो. साडेतीनशे गाड्या नीट चालवल्यास लिटरला ३५ किलोमीटरच्या आसपास अ‍ॅव्हरेज देतात, चारशे गाड्या २५ ते ३०. महिन्याला हजार किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि २८ चे अ‍ॅव्हरेज धरले, तर चारशेला महिन्याला सुमारे ७५० रुपये जास्त लागतात. पाच वर्षांत ते ४५ हजार होतात. किमतीतला फरक, कर, विमा आणि पेट्रोल मिळून पाच वर्षांत चारशेचा बोजा सव्वा ते दीड लाखाने जास्त धरावा. पुन्हा विकताना साडेतीनशेला गिऱ्हाईक लवकर मिळते, विशेषतः निमशहरी भागात.

हे सगळे जमेस धरता शहरात रोज वीस-तीस किलोमीटर, मागे घरचे माणूस आणि वर्षातून दोन-चार मोठे प्रवास एवढा वापर असणाऱ्यासाठी होंडा सीबी ३५० किंवा अलॉय चाकांची क्लासिक हीच योग्य निवड आहे. त्यातही गुळगुळीत इंजिन हवे तर सीबी, गावागावांत दुरुस्तीची सोय हवी तर क्लासिक. गर्दीच्या शहरात एकट्याने फिरणाऱ्याला, पहिली मोठी गाडी घेणाऱ्याला आणि खर्चावर नजर ठेवणाऱ्याला हंटर. महिन्यातून अनेकदा दुपदरी रस्त्यांवर लांब जाणारा, सर्व्हिस सेंटर जवळ असलेला आणि जादा खर्च झेपणारा चालक स्पीड ४०० वर समाधानी राहील. या गटात ताकद आणि रोजची सवय यांचा मेळ तिच्यात सर्वांत चांगला आहे. ३९० ड्यूक उत्तम गाडी आहे, पण ती एकट्याच्या आणि तयार हाताच्या चालकासाठी. घरातल्या सर्वांची एकच गाडी म्हणून ती घेऊ नये.